किरकोळ दुरुस्ती

लालबागच्या त्या चाळीत मी भाडेकरू म्हणून गेलो, तेव्हा घरमालकांनी पोलीस ठाण्यात द्यायला माझा एक फोटो मागितला. मी तो मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत होतो, तेवढ्यात तोच फोटो मला परत आला. खाली लिहिलं होतं, 'किरकोळ दुरुस्ती केली आहे.' मी फोटो मोठा करून पाहिला. लहानपणी सांगलीत सायकलवरून पडलो होतो, त्याची हनुवटीवरची खूण गायब होती. मी हनुवटी चाचपली. खूण जागेवर होती. गॅलरीतून आवाज आला, "आवडलं नसेल तर सांग रे. परत बसवतो."

ते माझे घरमालक; त्यांच्या दोन खोल्यांतली एक मला भाड्यानं दिलेली. मी त्यांना काका म्हणत असे, आणि चाळही त्यांना काकाच म्हणत असे. त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. लांबचं बघायला चष्मा, जवळचं बघायला नुसते डोळे. आणि काका आयुष्यभर जवळचंच बघत आले होते.

गिरण्या चालू होत्या तेव्हा ते फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि काका त्यातला सुटलेला धागा, तेलाचा डाग, बसलेली गाठ शोधून खडूनं खूण करायचे. गिरणी बंद पडली, नजर काही बंद पडली नाही. मी नवा शर्ट घालून बाहेर पडलो की काका मला जिन्याच्या उजेडात उभा करत, कॉलर उलटी करत आणि म्हणत, "ठीक आहे. बगलेत एक धागा गेलाय, पण तू हात कशाला वर करणारेस." काकू त्यांना साडीच्या दुकानात नेत नसत. एकदा दादरला नेलं होतं, तेव्हा काकांनी शेजारी बसलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईंच्या पैठणीतला दोष दाखवला होता. त्या बाई साडी तशीच ठेवून उठल्या. दुकानदारानं काकांना हात जोडून बाहेर खुर्ची दिली. ते म्हणाले, "बघा, मान आहे आपल्याला."

मुलगी लग्न करून डोंबिवलीला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला आणि काकांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. फोटोतले डाग आणि ओरखडे कसे काढायचे हे त्यांना कुणी शिकवलं नाही. ते मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या पोराचे व्हिडिओ बघून शिकले. शिकले ते त्या पोराच्या बोलण्यासकट. काम करताना ते एकटेच मोठ्यानं बोलत: "तो दोस्तों, ये जो कालावाला डाग दिख रहा है, इसको हम हटायेंगे." पुढं पुढं ही सवय कॉम्प्युटरपुरती राहिली नाही. एकदा भेंडी चिरताना मी त्यांना "तो दोस्तों, डोकं असं उडवायचं" म्हणताना ऐकलंय.

कॉम्प्युटरमधल्या हत्यारांना त्यांनी घरची नावं दिली होती. एक हत्यार आजूबाजूच्या कातडीत डाग मिसळून टाकतं, त्याला ते 'मलम' म्हणत. दुसरं एका जागेचा तुकडा उचलून दुसऱ्या जागी चिकटवतं, ते 'रफू'. "ह्याच्या गालाला मलम पुरेल, पण तिच्या पदराला रफू लागेल," असं ते डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगत.

आणि गिऱ्हाइकाची त्यांना गरजच नव्हती. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीही काहीही फोटो टाकला की सकाळी तो दुरुस्त होऊन परत यायचा. बारशाचा फोटो, वाढदिवसाचा फोटो, अलिबागच्या सहलीचा फोटो. मुरुमं गेलेली, तेलकट चेहरे कोरडे झालेले, मागच्या भिंतीवरची पानाची पिचकारीसुद्धा पुसलेली. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी छताच्या गळतीचा फोटो टाकला. तक्रार म्हणून टाकला होता. भिंतीवर हा एवढा ओला नकाशा उमटलेला. दुसऱ्या दिवशी काकांनी तो परत पाठवला. भिंत कोरडी खटखटीत. 'किरकोळ दुरुस्ती केली आहे.' बाई कमरेला पदर खोचून खाली आल्या. "काका, वर येऊन अशीच करा की दुरुस्ती! आमचं अंथरूण भिजतंय!" काका मनापासून ओशाळले, पण बाई गेल्यावर मला हळूच म्हणाले, "रंग मात्र बरोब्बर जुळला होता हां."

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांना ठेच लागून सुचला होता. शेजारच्या एका मुलीचं लग्न जमवायचं होतं. तिचा फोटो काकांच्या हाती पडला. त्यांनी नेहमीच्या उत्साहानं तिच्या ओठावरचा तीळ उडवला. मुलाकडची मंडळी बघायला आली. पोहे झाले, चहा झाला, तरी मुलाची आई आतल्या दाराकडे बघतच होती. शेवटी तिनं विचारलं, "मुलगी कधी येणार?" मुलगी समोरच बसलेली. पुढं लग्न जमलं, चांगलं चाललंय, पण तेव्हापासून काका कुणाच्याही तोंडाला मलम लावण्याआधी फोन करून विचारायचे. तोही अस्सल मालवणीत: "गालावर एक दिसता. पावणो की घरचो?" म्हणजे, हा डाग चार दिवसांचा पाहुणा आहे की घरचा माणूस? पुळी आली असेल तर पाहुणा, जाऊ दे. तीळ, देवीचे व्रण, जन्मखूण असेल तर घरचा, त्याला हात लावायचा नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला असे फोन आले आहेत. लोअर परळच्या त्या थंडगार काचेच्या खोलीत, साहेबांच्या देखत, मी हलक्या आवाजात "घरचा आहे, काका" असं सांगितलं आहे.

त्यांच्या या नजरेसमोर एकच माणूस बेदरकारपणे वावरायचा, तो म्हणजे दाजी. काकांचा लहानपणापासूनचा मित्र, त्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहणारा. काका जेवढे काटक तेवढे दाजी ऐसपैस. गुडघे गेलेले, पोट पुढे, कान सुपाएवढे, आवाज मात्र जिन्याच्या खालपर्यंत पोचणारा. दाजी रोज संध्याकाळी काकांकडे चहाला यायचे आणि श्रावण लागला की दोघांचं एक ठरलेलं भांडण सुरू व्हायचं.

दाजींचं म्हणणं असं की, ऐन तारुण्यात गोपाळकाल्याच्या दिवशी याच गल्लीतली सगळ्यात उंच हंडी त्यांनी फोडली होती. वरच्या थरावर एकटे ते. काकांचं म्हणणं असं की, शक्यच नाही.

"तू होतास काय तिथे?" दाजी विचारायचे.

"मी पहिल्या पाळीला होतो. पण मी जे ऐकलं ते वेगळं ऐकलं. तू चढलास, तुझ्यावर पाणी पडलं, तू घसरलास. हंडी मागनं दुसऱ्यानं फोडली."

"कोणी दुसऱ्यानं? नाव सांग!"

"नाव कशाला पायजे? तुझ्याकडे बघ आणि सांग, तू वर चढला असशील असं वाटतं काय कोणाला?"

काकू तेवढ्यात चहा आणून ठेवायच्या आणि "प्या आधी, मग मारामारी करा" म्हणून आत जायच्या. माझ्या मुक्कामात हे भांडण मी दर श्रावणात ऐकलं. चढउतार पाठ झाले होते. दाजी हरत नव्हते, पण जिंकतही नव्हते, आणि ते त्यांना खरंच लागायचं. हसता हसता त्यांचा चेहरा शेवटी जरा उतरायचाच.

मग त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. दाजींची नात तन्वी मुलींच्या गोविंदा पथकात सगळ्यात वरच्या थरासाठी निवडली गेली. आणि कणकवलीच्या घरी जुनी ट्रंक उपसताना दाजींच्या पुतण्याला एक फोटो सापडला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवला. दाजी तो घेऊन चहाच्या वेळेआधीच काकांकडे आले.

फोटोची दशा बघण्यासारखी होती. घड्या पडलेल्या, पापुद्रे सुटलेले, आडव्या-तिरप्या पांढऱ्या रेघांनी सगळा भरलेला. पण मधोमध, माणसांच्या मनोऱ्यावर, एक सडपातळ पोरगा उभा होता. मान एका बाजूला वळवलेली, डोळे मिटलेले आणि दोन्ही हात मटकीला. दाजीच. तो कान कुणाला चुकणार?

काकांनी मोबाइल नाकाशी धरला. मग चष्मा कपाळावरून खाली घेतला, परत वर केला आणि म्हणाले, "आयला, खरं बोलत होतास की रे तू."

दाजी खुर्चीत मागे रेलले. मला वाटतं, त्यांचे डोळे भरून आले होते.

काकांना इतक्या श्रावणांचं देणं फेडायचं होतं. मंडळाच्या पोरांनी ठरवलं की गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावायचा, वर दाजींचा फोटो, खाली तन्वीचा, आणि मजकूर: 'आजोबांनी फोडली, नात फोडणार!' काका म्हणाले, फोटो मी करून देतो. मग जे बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तरी उठेनात. "तो दोस्तों, हे माझ्या दोस्ताचं काम आहे," असं ते त्या कॉम्प्युटरला सांगत होते. फोटो इतका मोठा करून घेत की पडद्यावर माणूस दिसायचाच नाही, नुसता राखाडी पट्टा आणि त्यावरून जाणारी एक पांढरी रेघ. रेघ दिसली की मलम. रेघ दिसली की मलम. कापड तपासतानाही ते असेच तपासत असणार. पुढचं-मागचं वारभर कापड बघायचं नाही, समोर आहे तेवढंच.

फोटो झाला तो असा की पोरांनी टाळ्या वाजवल्या. आभाळ नितळ. मनोऱ्यातला प्रत्येक चेहरा धुऊन काढल्यासारखा. फ्लेक्स लागला आणि दाजी दिवसातून चारदा भाजी आणायला निघू लागले. पिशवी घेऊन बरोब्बर फ्लेक्सच्या खाली उभे राहायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यानं एकदा वर बघावं आणि एकदा त्यांच्याकडे.

दोन दिवस असे सुखात गेले. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा बाइक थांबवून वर बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मटकी लटकलीय कशावर?"

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही होतो तिथे. मटकीच्या वर दोरी नव्हती. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. काकांनी ओरखडा समजून अख्खी दोरी पुसून टाकली होती, आणि स्वच्छ आभाळात, कुठल्याही आधाराशिवाय, ती हंडी चंद्रासारखी तरंगत होती.

"एआय आहे रे! एआयनं बनवलाय फोटो!" पोरगा ओरडला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत लालबागभर तेच. कुणी त्या मटकीला फुगा बांधून फोटो फिरवला, कुणी तिला ड्रोनचे पंखे लावले. खोटं कशाला बोलू, ड्रोन बघून मीही हसलो. पण दाजी त्या दिवशी चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गोपाळकाला तोंडावर आला होता, आणि पलीकडच्या पथकातल्या मुली तन्वीला सरावाच्या वेळी विचारत होत्या, "काय गं, तुझे आजोबा विदाउट दोरी फोडायचे ना?"

काकांची अवस्था बघवत नव्हती. इतकी वर्षं ते दाजींना तोंडानं खोटं पाडत होते. आता मनापासून खरं ठरवायला गेले आणि भर चौकात खोटं पाडून बसले. शेवटी काकांनीच मला पाठवून दाजींना बोलावून आणलं. सोबत तन्वी आली, सरावाचे गुडघ्याचे पट्टे तसेच बांधलेले.

काकांनी पडद्यावर मूळ फोटो उघडला होता, कणकवलीहून आलेला, घाणेरडा. त्यातली दोरी शोधायची आणि परत आणायची, एवढंच काम होतं. पण दोरी कुठली? सगळ्या रेघा सारख्या. एक मटकीच्या वरून जात होती, एक मधून, दोन तिरप्या. मटकीच्या डाव्या अंगाला तर पांढऱ्या फराट्यांचा नुसता झाडू.

"दाजी, तू वर होतास. कुठून कुठे होती दोरी?" काकांनी विचारलं.

"मी दोरी बघू की मटकी बघू रे?" दाजी खचलेल्या आवाजात म्हणाले. "डोळ्यात पाणी गेलं होतं. काय दिसत नव्हतं."

तन्वी त्यांच्या खुर्चीशी बसली होती. तिनं अगदी सरळपणे, काही मनात न ठेवता विचारलं, "आजोबा, पण तुम्ही फोडली होती ना? म्हणजे, नक्की?"

दाजींनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या खोलीत मला पहिल्यांदाच उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात काकू आतून आल्या. अळूवड्यांचं चाललं होतं, हात बेसनानं माखलेले. त्यांनी मान पुढं करून पडद्याकडे पाहिलं आणि बेसनाचं बोट सरळ काचेवर टेकवलं.

"ही दोरी. आमच्या गॅलरीच्या पायपाक बांधलेली. हयसून सुटता आणि समोरच्या खांबाक जाता." बोट पुढं सरकलं. "हे खालचे ओरखडे. हे काढा. आणि ह्या..." त्या झाडूसारख्या फराट्यांवर येऊन बोट थांबलं. "ह्या काढू नकात. ह्या माझा पाणी."

"तुझं पाणी म्हणजे?" काकांनी विचारलं.

"माझा म्हणजे माझा! बादलीतला. मी गॅलरीत होतंय. गोविंदावर पाणी नाय टाकायचा तर काय फुला टाकायची? नेम धरून तोंडावर मारलंय. म्हणून तर ह्यांनी मान फिरवली, बघा. आणि डोळे मिटून, अदमासान, कपाळान फोडल्यानी. दही माझ्या परकरावर उडाला. आई किती ओरडली माका."

लग्नाआधी काकू याच चाळीत, समोरच्या गॅलरीत राहायच्या, हे मला ठाऊक होतं. काकांना तर होतंच. दाजींना तर लहानपणापासून. पण तिघांच्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

"ती तू होतीस?" दाजी खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी म्हणायचंही विसरले. "कान भरला होता माझा त्या पाण्यानं! गोपाळकाल्यापासून गणपतीपर्यंत ऐकू येत नव्हतं मला!"

"मग आधी का बोलली नाहीस?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "दर वर्षी आम्ही इथे बसून भांडतोय. तू चहा देतेस आणि आत जातेस!"

"माका कोणी इचारूकच नाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघा एकमेकांक इचारायचात. एक म्हणता तू होतास काय, दुसरो म्हणता तू होतास काय. मी होतंय, पण माका कोण इचारता? आणि बरा चाललेला. श्रावणात घरात मासळी नाय, निदान तुमचा भांडण तरी."

आधी तन्वी हसली. मग दाजी, मग आम्ही सगळेच. दाजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आजी," तन्वी म्हणाली, "तू खरंच आजोबांवर नेम धरून पाणी मारलंस?"

"ह्या वर्षी तुझ्यावर मारतलंय. सांभाळून चढ."

दुसऱ्या दिवशी जुना फ्लेक्स उतरला आणि नवा चढला. पलीकडच्या गल्लीतली पोरं तो बघायला आली, आणि त्यांतल्या दोघांनी वर येऊन काकूंना साक्ष विचारली. काकूंनी त्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं, परकरासकट. दाजी शेजारी बसून, ज्याला सिंहासन मिळालंय अशा थाटात, मान डोलावत होते. मी आता वडाळ्याला राहतो, पण गोपाळकाल्याला लालबागला जातो. जावंच लागतं, काकू फोन करून बोलावतात.

मला मात्र त्या सगळ्यापेक्षा आदल्या संध्याकाळचे काकाच जास्त आठवतात. हसणं ओसरल्यावर ते खुर्ची ओढून बसले. आपली दुरुस्ती त्यांनी मूळ फोटोवर ठेवली आणि ती खोडायला घेतली. जिथं खोडलं जाई तिथून खालचा खरा फोटो वर येई. आधी दोरी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी मटकीच्या डावीकडे हात नेला आणि फराटे एकेक करून दिसू लागले. त्यांचं 'तो दोस्तों' बंद होतं. ते अगदी हळू, बिचकत काम करत होते, आणि थोडंसं झालं की मान वळवून बायकोला विचारत होते.

"एवढं?"

काकू मागे उभ्या होत्या, हात तसेच बेसनाचे.

"अजून."

त्यांनी आणखी थोडं खोडलं. पाणी दाजींच्या गालापर्यंत आलं.

"एवढं पुरे?"

"अजून," काकू म्हणाल्या. "बादली भरलेली होती."